राज्यातले की राज्याबाहेरचे? विद्यापीठाच्या फीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बारा वर्षे न्यू जर्सीत राहिल्यानंतर माझी बदली झाल्यामुळे आम्ही सहकुटुंब १० ऑगस्ट २०२५ रोजी टेक्सासमधील प्लेनो येथे आलो. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. पत्नी आणि मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. मुलगी बारावीत असून २०२६ च्या फॉल (ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या) सत्रासाठी तिने ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासमध्ये अर्ज केला, तेव्हा तिची नोंद राज्याबाहेरची विद्यार्थिनी अशी झाली. टेक्सासच्या शाळेत तीन वर्षे काढल्याशिवाय इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या विद्यार्थ्यांची कमी फी मिळत नाही, असे ओळखीचे लोक सांगतात. त्यातच पहिला दीड महिना आम्ही हॉटेलमध्ये होतो आणि घराचा भाडेकरार १ ऑक्टोबरपासूनचा आहे. आमचे वर्ष नेमके कधी भरते?

उत्तर : आपल्या ओळखीच्यांनी सांगितलेला नियम खरा आहे, पण तो दोन वाटांपैकी एकच आहे. टेक्सासच्या शाळेतून उत्तीर्ण होऊन त्याआधीचे ३६ महिने राज्यात राहिलेल्या मुलांसाठी ती वाट आहे आणि ती आपल्या मुलीला बंद आहे. दुसरी वाट आई-वडिलांच्या अधिवासाची, म्हणजे कायमच्या वास्तव्याची. मूल आपल्यावर अवलंबून असेल आणि आपण सत्राच्या ‘सेन्सस डेट’च्या (विद्यार्थ्यांची अधिकृत मोजदाद होते त्या तारखेच्या) किमान बारा महिने आधीपासून टेक्सासमध्ये सलग अधिवास केला असेल, तर मुलीलाही रहिवासी धरले जाते. फॉल सत्रात ही तारीख म्हणजे वर्ग भरण्याचा बारावा दिवस, जो साधारणपणे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येतो.

आता आपली अडचण स्पष्ट होते. १० ऑगस्टपासून मोजले तर वर्ष वेळेत भरते. १ ऑक्टोबरपासून मोजले तर भरत नाही आणि मग पहिले सत्र महागात जाते. तेथे राज्यातल्या विद्यार्थ्यांची वर्षाची फी बारा हजार डॉलरच्या आसपास, तर बाहेरच्यांची चाळीस हजारांच्या वर असल्यामुळे हॉटेलातल्या त्या दीड महिन्याची किंमत एका मध्यमवर्गीय घराला नक्कीच जाणवेल.

सुदैवाने टेक्सासचा नियम भाडेकरारावर अडून बसत नाही. बारा महिने राज्यात प्रत्यक्ष राहणे आणि त्या काळात राज्यात नोकरी, स्वतःचे घर किंवा व्यवसाय असे काही ठोस असणे, हे त्याचे सार आहे. आपली नोकरी ऑगस्टपासून प्लेनोतच आहे, हेच आपले मुख्य बळ. कंपनीच्या लेटरहेडवर आपण कोणत्या तारखेपासून टेक्सासच्या कार्यालयात काम करता याचे पत्र घ्या, हॉटेलची बिले शोधून ठेवा आणि मुलीच्या शाळेकडून प्रवेशाच्या तारखेचा दाखला मागा. महाराष्ट्रात आपण पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे जोडून तहसीलदारांकडून डोमिसाईलचा दाखला काढतो आणि तो फाईलला लावला की काम होते. येथे तसा दाखला देणारे कार्यालय नाही. विद्यापीठातला अधिकारी आपले कागद एकमेकांशी ताडून पाहतो आणि तारखा जुळल्या तरच मानतो.

म्हणून ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांचे पे-स्टब (पगारपत्रके) आजच काढून पाहा. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, त्यामुळे तेथे काम करणाऱ्याच्या पे-स्टबवर राज्याच्या कराची ओळ नसते. बदलीनंतर पेरोल विभागाने पत्ता उशिरा बदलला, तर मात्र न्यू जर्सीचा कर पुढेही कापला जातो आणि कापलेल्या त्या रकमेतून आपण तेव्हा न्यू जर्सीचेच होता असा अर्थ निघतो. तसे झाले असेल तर कंपनीकडून दुरुस्त केलेला डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद) मागून घ्या आणि २०२५ चे न्यू जर्सीचे विवरणपत्र वर्षाच्या काही भागापुरते रहिवासी म्हणून, ऑगस्टची तारीख घालून भरा. कर भरून झाला असेल तरी सुधारित विवरणपत्र देता येते. हे सगळे हाती आले की रहिवासाची प्रश्नावली कागदपत्रांसह पुन्हा सादर करून फेरविचार मागा. शरद ऋतूत अर्ज भरताना आपले वर्ष भरले नव्हते, म्हणून यंत्रणेने तिला बाहेरची ठरवले. तो अंतिम निकाल नव्हे. इतके करूनही ऑगस्टची तारीख मान्य झाली नाही, तर जानेवारीतल्या स्प्रिंग सत्रासाठी पुन्हा अर्ज करता येईल, कारण तोवर कोणत्याही हिशेबाने वर्ष पूर्ण झालेले असेल.

दोन गोष्टी मला कळकळीने सांगायच्या आहेत. पुराव्यांच्या अनेक याद्यांमध्ये मतदार नोंदणीचा उल्लेख असतो आणि १९९३ च्या कायद्यामुळे ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जावरही मतदार म्हणून नाव नोंदवायचे का, असे विचारले जाते. तेथे आपण, पत्नीने किंवा मुलीने चुकूनही ‘होय’ लिहू नये. तो हक्क फक्त अमेरिकी नागरिकांचा आहे आणि नागरिक असल्याचा खोटा दावा झाला, तर ग्रीन कार्डची वाट कायमची बंद होऊ शकते. दुसरे म्हणजे, पदवी पूर्ण होण्याआधी मुलगी २१ वर्षांची होईल. तोवर ग्रीन कार्ड आले नाही, तर एच-४ संपून तिला बहुधा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल आणि तेव्हा विद्यापीठ तिचा रहिवास पुन्हा तपासू शकते. त्या प्रसंगी काय होईल, हे आजच ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा कॅलिफोर्नियातील सरकारी विद्यापीठात एमएस करण्यासाठी एफ-१ व्हिसावर गेला आहे. भाडेकरार, लायसन्स आणि बँक खाते असेल तर एका वर्षाने फी कमी होते, असे त्याच्या मित्राने सांगितले. आम्ही दुसऱ्या वर्षाचे कर्ज त्या हिशेबाने कमी घ्यावे का? (नाशिकहून एक आई)

उत्तर : कृपया तसे करू नका, कर्ज पूर्ण दोन वर्षांच्या फीचे धरा. मित्र ज्या ३६६ दिवसांच्या नियमाविषयी बोलत आहे तो कॅलिफोर्नियात आहे, पण दिवस मोजण्याआधी त्या व्यक्तीला तेथे अधिवास करण्याची मुभा आहे का, हे पाहिले जाते. एफ-१ व्हिसा मिळतोच मुळी मायदेशी घर आहे आणि ते सोडण्याचा इरादा नाही, या अटीवर. व्हिसाच्या मुलाखतीत ज्याने परत येईन असे सांगितले, त्याला विद्यापीठात आता येथेच राहणार असे म्हणता येत नाही. एच-१बी आणि एच-४ वर अशी अट नाही, म्हणून ती कुटुंबे पात्र ठरू शकतात. व्हिसाच्या प्रकाराला एवढे महत्त्व का, हे १९८२ च्या टोल विरुद्ध मोरेनो खटल्यात दिसते : आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या जी-४ व्हिसाधारक मुलांना केंद्रीय कायदा अधिवासाची मनाई करत नसताना मेरीलँड विद्यापीठ त्यांना सरसकट बाहेरचे ठरवत होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते धोरण रद्द केले.

मुलाने आपला वेळ दिवस मोजण्यात घालवण्यापेक्षा टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतीचे पगारी काम) मिळवण्यात घालवावा, कारण अनेक विभागांत तिच्यासोबत फीचा मोठा भाग माफ होतो. प्राध्यापकांना पहिल्या सत्रातच भेटणारे विद्यार्थी येथे पुढे असतात. धाकट्या भावंडाचा विचार चालू असेल तर हेही लक्षात ठेवा की, टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत स्पर्धेतून मिळालेली किमान हजार डॉलरची शिष्यवृत्ती असेल, तर परदेशी विद्यार्थ्यालाही राज्यातल्या दराने फी लागू होऊ शकते.

प्रश्न : आम्ही वीस वर्षे कॅलिफोर्नियात आहोत. मुलीला कोलोरॅडो किंवा ॲरिझोनात शिकायचे आहे. तिथली पूर्ण फी झेपणार नाही.

उत्तर : पश्चिमेकडील राज्यांनी आपसांत ‘वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज’ ही योजना चालवली आहे. तिच्यात सहभागी विद्यापीठ दुसऱ्या सदस्य राज्यातल्या विद्यार्थ्याकडून स्थानिक फीच्या जास्तीत जास्त दीडपट रक्कम घेते, आणि कॅलिफोर्निया तिचा सदस्य आहे. नावाजलेली काही विद्यापीठे यात नाहीत आणि जी आहेत त्यांपैकी काही नर्सिंग किंवा इंजिनिअरिंगसारखे अभ्यासक्रम वगळतात किंवा चांगले गुण मागतात, त्यामुळे विद्यापीठाबरोबर अभ्यासक्रमही तपासा. सवलत प्रवेशाच्या वेळीच मागावी लागते, असे बहुतेक ठिकाणी आहे. आणि या सवलतीवर घालवलेला काळ त्या राज्याचा रहिवासी होण्यासाठी सहसा धरला जात नाही, म्हणून चारही वर्षांचा हिशेब दीडपटीनेच मांडा.