रात्री नऊची भूक

प्रिय पोरी,

खोलीतल्या फळीचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "काकू, बघा, सगळं हेल्दी आणलंय." चष्मा लावून, फोटो मोठा करकरून बघितला. ब्राउन ब्रेड, मल्टिग्रेन बिस्किटं, ओट्सचे नूडल्स आणि फळांच्या 'रसा'चा लिटरचा खोका. मी बावीस वर्षं मेस चालवली. काय वाढलं की पोरं दुपारच्या लेक्चरला पेंगतात, ते मला तोंडपाठ आहे. तेव्हा रागावू नकोस, पण त्या फळीवर हेल्दी म्हणावं असं मला काही सापडलं नाही.

पाकीट आधी उलटं कर. पुढे कणसं आणि हिरवं शेत असतं, खरी गोष्ट मागे बारीक अक्षरात. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिला शब्द 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' असला तर तो आपला मैदाच, फक्त इंग्रजी कपड्यांतला. मग पामतेल, साखर, आणि ज्यांच्या नावावर तू पैसे मोजलेस ती नाचणी-ज्वारी पंगतीच्या टोकाला. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही साखरेचीच चुलत भावंडं. ब्रेडवर 150ए, 150डी असं काही दिसलं तर तपकिरी रंगात कॅरॅमलचा हात आहे, तो सगळा कोंड्याचा नव्हे.

आता थंड पेयं. कोलात 100 मिलिलिटरला साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर असते. 600 मिलिलिटरची बाटली संपवलीस की 60 ग्रॅमच्या वर, म्हणजे निदान बारा चमचे. जागतिक आरोग्य संघटना 2000 कॅलरी खाणाऱ्याला दिवसभरात 50 ग्रॅमच्या आत राहायला सांगते, 25 च्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. खोक्यातला रस या बाबतीत फार मागे नाही. चहात साखर कमी घाल म्हणून आईशी भांडतेस आणि इथे बाटली तोंडाला लावतेस!

मिठाचंही तसंच. पाकिटावर ते 'सोडियम' म्हणून लपलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुण, म्हणजे मीठ कळेल: 1000 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम. आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, तेही बघ. तिथेच फसगत होते. आणि घरचं लोणचं-पापड आपलं म्हणून त्यातलं मीठ मोजायचं नाही, असं काही नसतं हं.

वडापाव? खा की, आठवड्यातून एखादा, गरम. फक्त आधी कढईत डोकाव. तेल काळपट, दाट, फेसाळलेलं आणि सारखं धुरकट दिसलं तर पुढच्या गाडीवर जा. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात पोलर घटक, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे घटक, वाढतात. हे घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा 2018 पासून नियम आहे. सुरुवातीला मीही पुरीचं उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी भज्यांना घेतलंय, खोटं कशाला बोलू. आणि वडा वर्तमानपत्रात बांधू देऊ नकोस, शाई तेलात उतरते.

पण तुझी खरी अडचण चवीची नाहीच. रात्री नऊला दमून आल्यावर तुला पाच-दहा मिनिटांत पोटात काहीतरी हवं असतं, आणि नूडल्स तिथे जिंकतात. अशा माणसाला 'भाजी-भाकरी कर' सांगणारे स्वतः नऊला घरी येत नसतात. पर्यायही तितकाच झटपट हवा.

दडपे पोहे कर. दोन मुठी पातळ पोहे, बारीक कांदा, टोमॅटो, ओलं खोबरं, मीठ, लिंबू. हाताने नीट कालव आणि वर ताटली दडपून ठेव. तू हातपाय धुऊन येईपर्यंत कांद्या-टोमॅटोच्या पाण्यात पोहे मऊ होतात. वरून शेंगदाणे, हिरवी मिरची, हिंगाची फोडणी. ती चर्र वाजली पाहिजे, नाहीतर नुसता ओला चिवडा होतो. कधी भाजणीचं धिरडं आणि दही. कधी नाचणीचं आंबील: दोन चमचे पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, गार झालं की ताक. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधात त्याच्या निम्मंही नाही.

मटकी मात्र रविवारी भिजत घाल आणि रात्री फडक्यात बांध. मंगळवारपर्यंत उसळीची सोय होते.

ऑफिसच्या खणात फुटाणे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेव, पाच वाजता बिस्किटांकडे हात जाणार नाही. उपासाला साबुदाणा नको. तो जवळजवळ नुसता स्टार्च. वरी किंवा राजगिरा घे.

भाजणी दळून ठेवली आहे. शनिवारी कुणी तुझ्याकडे येणार असेल तर सांग, पाठवते. मागचा स्टीलचा डबा मात्र त्याच हाती परत पाठव. दिवाळीपासून तुझ्याकडेच आहे.

तुझी,
मेसवाली काकू