चाकणहून जर्मनीला बोल्ट जातात, तर सीबॅमचं (युरोपात येणाऱ्या मालावरच्या कार्बन शुल्काचं) ऑथरायझेशन आम्हालाच काढावं लागेल का?

नाही हो, ते तिकडच्या इम्पोर्टरने काढायचं असतं. १ जानेवारी २०२६ पासून युरोपात ज्याचा लोखंड-स्टील, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत असा सीबॅमचा माल वर्षाला एकूण ५० टनांच्या वर जातो त्याला ऑथराइज्ड डिक्लरंट, म्हणजे सीबॅमची परवानगी असलेला इम्पोर्टर, व्हावंच लागतं, आणि हे ५० टन फक्त तुमचे नाहीत बरं का, तो चीन-तुर्कस्तानहून आणतो तेही त्यातच धरतात, म्हणजे १८ टनांचे ३ कंटेनर झाले की संपलं. अर्ज ईओआरआय नंबर (युरोपियन कस्टम्सचा नोंदणी क्रमांक) टाकून सीबॅम रजिस्ट्रीत म्हणजे ऑनलाइन पोर्टलवर करायचा, जर्मनीत तो डीईएचएसटीकडे, म्हणजे तिथल्या उत्सर्जन-व्यापार खात्याकडे जातो. तुम्ही डीडीपीवर (ड्युटी भरून माल पोचवायची जबाबदारी विकणाऱ्याची) स्वतःच इम्पोर्टर असाल तर मात्र तिथला इनडायरेक्ट कस्टम्स रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे स्वतःच्या नावाने तुमचं कस्टम्स करणारा एजंट, नेमावा लागतो आणि ऑथरायझेशन त्याच्या नावावर. कंटेनर लोड करायच्या आधी पार्टीकडून त्यांचा सीबॅम अकाउंट नंबर मागून घ्याच.