घरी गाताना माइक कुठे ठेवावा? वाचकांचे प्रश्न

घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांना त्याच त्या अडचणी सतत येताहेत, म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

माइक तोंडापासून किती लांब असावा?
एक वीत, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर.

अगदी जवळून गायलं की आवाज भारदस्त येतो. तसंच गाऊ का?
नको. कार्डिऑइड माइक (म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा) जवळून खर्ज फुगवतो, तो भारदस्तपणा तुमच्या गळ्याचा नाही.

'प', 'फ', 'भ' आले की धप्प आवाज येतो.
तोंडासमोर तळहात धरून 'भ' म्हणा. जिथे हवा लागते, तिथून माइक चार बोटं बाजूला घ्या आणि ओठांकडे वळवा. पॉप फिल्टर, म्हणजे माइकसमोरची हवा अडवणारी जाळी, लावाच.

खोली घुमते. दुकानदार फोम लावा म्हणतो, मित्र म्हणतो नंतर सॉफ्टवेअरने काढू. कुणाचं ऐकू?
कुणाचंच नाही. दुकानात मिळणारा पातळ फोम फक्त वरच्या कंपनसंख्या शोषतो. खालचा घुमारा तसाच राहतो आणि रस्त्यावरचा हॉर्नही थांबत नाही. तरी तो 'साउंडप्रूफ' म्हणून सर्रास विकला जातो, याची मला चीड आहे. 'नंतर काढू' हे तर त्याहून वाईट. घुमण्याचं शेपूट पुढच्या स्वरावर पडतं, मुरकी पुसट होते. ते शेपूट कापताना सॉफ्टवेअर मुरकीही खरवडतं.

माइकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे त्याला तुमच्या पाठीमागची भिंत ऐकू येते. जाड गोधड्या तिथे टांगा. लोक नेमक्या त्या माइकच्या मागे लावतात. किंवा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून गा. माइकची पाठ खिडकीकडे ठेवा, कोपरा आणि खोलीचा मध्य टाळा. अंतर दुप्पट केलं की तुमचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून लांबून गाऊ नका. टाळी वाजवून शेपूट ऐका, मग एक कडवं रेकॉर्ड करून जवळच्या रेकॉर्डिस्टला ऐकवा. खर्च त्यानंतर.

नवा कंडेन्सर माइक, पण आवाज पोकळ आणि दूरचा येतो.
बहुधा उलट्या बाजूने गाताय. यातले बरेच माइक टोकाकडून नव्हे, बाजूने ऐकतात. पुढची बाजू माहितीपत्रकात पाहा. तरी फरक पडला नाही तर माइक जाणकाराला दाखवा.

लॅपटॉप चार्जिंगला लावला की घूंऽऽ असा आवाज येतो. महिनाभर तसंच चाललंय.
महिनाभर कशाला थांबलात? बॅटरीवर आवाज जात असेल तर चार्जर किंवा अर्थिंग तपासायला हवं. प्लगची तिसरी पिन काढून टाका असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका, शॉक बसू शकतो. वायरमनला आजच बोलवा.