दुष्टाच्या हातून भलं घडलं, तर श्रेय कुणाचं?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती साहित्यात दुष्ट हेतूतून चांगलं निघत असेल, तर त्या कृत्याला वाईट तरी का म्हणायचं? मी याचं उत्तर नेहमी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाच्या कथेत शोधतो.

योसेफ 17 वर्षांचा. भाऊ आपल्यापुढे वाकतायत अशी स्वप्नं त्याला पडतात आणि तो ती सांगूनही टाकतो. 'बघू याच्या स्वप्नांचं काय होतं' म्हणत भाऊ त्याला कोरड्या विहिरीत ढकलतात आणि तिथेच जेवायला बसतात. तो गयावया करत होता, हे पुढे त्यांच्याच तोंडून कळतं. त्या वेळी घास कसा उतरला असेल त्यांच्या घशाखाली? मग चांदीच्या 20 नाण्यांवर त्याला मिसरकडे (इजिप्तकडे) निघालेल्या व्यापाऱ्यांना विकतात. पण विकला नसता तर तो मिसरात पोचला नसता, तिथल्या राजाच्या, म्हणजे फारोच्या, धान्याचा कारभार त्याच्या हाती आला नसता, आणि दुष्काळात धान्य मागायला आलेले भाऊ त्याच्यापुढे वाकले नसते. स्वप्न मोडायला जे केलं, त्यानेच ते खरं झालं.

इंग्रज कवी मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यात (1667) सैतानाला हे आधीच ठाऊक आहे. पहिल्याच सर्गात तो साथीदाराला बजावतो, आपल्या वाईटातून देव चांगलं काढू पाहील, ते हाणून पाडणं हेच आपलं काम. आणि कवी लगेच सांगून टाकतो की त्याचा सगळा द्वेष शेवटी माणसावरच्या कृपेच्याच कामी येणार.

श्रेय मात्र दुष्टाला अजिबात नाही. येशूचा शिष्य यहूदा याने त्याला शत्रूंच्या हाती धरून दिलं नसतं तर क्रूस आणि त्यातून माणसाचं तारण घडलं नसतं, असं म्हणणारे भेटतात. येशू दोन्ही गोष्टी एका दमात बोलतो: मनुष्याचा पुत्र (म्हणजे तो स्वतः) शास्त्रात लिहिल्याप्रमाणे जातो, पण त्याला धरून देणाऱ्याची केवढी दुर्दशा! 'चांगलं व्हावं म्हणून वाईट करू या' हे म्हणणं तर प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांच्या पत्रात धिक्कारलंच आहे.

योसेफ भावांना म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलंत, पण देवाने त्यात चांगलं योजलं. पहिला भाग तो गाळत नाही. आणि हे तो कधी म्हणतो ते बघा. बाप मिसरात 17 वर्षं राहून वारलेला. इतकी वर्षं भाऊ त्याच्याच आसऱ्याला सुखाने राहिलेत, तरी त्यांना धडकी भरते की आता हा सूड उगवणार. बापाचं नाव पुढे करून ते क्षमेचा निरोप पाठवतात. तो ऐकून योसेफ रडतो.