बर्फात लोळायचंय बंड्याला

प्रश्न: माझी धाकटी बहीण टोरोंटोला असते, तिने मागच्या आठवड्यात तिच्या कुत्र्याचा व्हिडिओ पाठवला, गुडघाभर बर्फात नुसता उंडारतोय, नाक खुपसतोय, पाठीवर लोळतोय. तेव्हापासून घरात एकच धोशा, आमच्या बंड्याला (लॅब्रॅडोर म्हणजे लॅब कुत्रा, वय ४ वर्षं) जानेवारीत मनालीला न्यायचं. सासूबाई म्हणतात मुंबईचं कुत्रं ते, गारठून जाईल. स्वेटर, बूट घ्यावे का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: ताई, न्या की खुशाल! सासूबाईंना सांगा, लॅबचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडचे, गारठणाऱ्या पाण्यात उड्या मारून जाळी ओढायचे. अंगावर दुहेरी केस, वरचे तेलकट, आतले लोकरीसारखे. मुंबईत वाढलेल्याचा आतला थर जरा विरळ असतो म्हणून एकदम तासभर नको, पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं, मग आत आणायचं. स्वेटरचं म्हणाल तर लॅबला गरज नाही, उलट तो भिजला की गारठा अंगालाच चिकटून बसतो. आपल्या देशी कुत्र्याला मात्र मी नक्की घालीन, त्याचे केस आखूड.

आणि तो जो व्हिडिओतला धिंगाणा आहे ना, त्यात बर्फाचं कौतुक आहेच, पायाखाली काहीतरी नवीन, खाली दबलेले वास, पण मला विचाराल तर अर्धी मजा गार हवेची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते अंग थंड करतं, आणि मुंबईच्या दमट हवेत ते धड होत नाही, म्हणून आपली लॅब बागेत दोन चकरा मारून फतकल मारतात. तिकडे धाप लागत नाही, मग पळतच सुटतात.

खरी काळजी पंजांची. तळव्यांना थंडी फारशी बाधत नाही, कारण तिथे खाली जाणाऱ्या गरम रक्ताची नळी वर येणाऱ्या गार रक्ताच्या नळ्यांना लागूनच असते, जाताजाता उष्णता देऊन जाते. त्रास होतो तो बोटांच्या मधल्या केसांचा. आमच्या राणीला, म्हणजे माझ्या कुत्रीला, मी मनालीजवळच्या सोलांगला नेलं होतं, मस्त धावत होती आणि अचानक मधेच बसून पुढचा पंजा दाताने कुरतडायला लागली, मला वाटलं काच रुतली, बघते तर बोटांच्या मधे साबुदाण्यापासून गोटीएवढे बर्फाचे गोळे घट्ट चिकटलेले. ओढून काढू नका, केस उपटतात, तळहातात पंजा धरून वितळू द्या. जाण्याआधी ते केस कापून घ्या आणि तळव्यांना व्हॅसलीन लावा, बूट मात्र नकोत, ते घालून राणी बदकासारखी चालत होती, पाच मिनिटांत एक हरवला. परत आलात की कोमट पाण्याने पाय धुऊन, बोटांच्या मधे आणि कान नीट पुसायचे. थरथरायला लागला, एकेक पाय उचलायला लागला की खेळ बंद, त्याला कितीही हौस असली तरी.

बर्फ चाटला तर चालतं, पण रस्त्याकडेचा काळपट बर्फ नको, गाड्यांच्या रेडिएटरमधलं कूलंट त्यात सांडलेलं असू शकतं, चवीला गोड आणि किडनीला विष. रात्री मोकळा सोडू नका, तिकडे बिबटे कुत्री उचलतात, म्हणून तर हिमाचलातले गद्दी जमातीचे मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात. राष्ट्रीय उद्यानाला लागून राहणाऱ्या मुलुंडकरांना बिबट्याचं मी काय सांगायचं म्हणा. वाटेत रेल्वेने त्याला डब्यात सोबत नेणार असाल तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (दोन बर्थचा बंद कप्पा) किंवा केबिन बुक करावी लागते, ते आधी बघा.

प्रश्न: मनाली परवडत नाही, फ्रिजमधले बर्फाचे खडे दिले तर चालतील का? गार पाण्याने कुत्र्याच्या पोटात पेटके येऊन मरतं असं व्हॉट्सअॅपवर वाचलं.
– एक वाचक, दादर

उत्तर: अफवा आहे ती. खडे द्या, पण छोटे किंवा चुरा करून, कडाकडा चावणाऱ्यांचे दात तुटतात. राणीचा आवडता खेळ म्हणजे लादीवर खडा सरकवायचा आणि मागे धावायचं. फक्त मासळीबाजारात कोळणीच्या पाटीखाली सांडलेला बर्फ चाटू देऊ नका, आमच्याकडे त्यापायी दोन दिवस जुलाब चालले होते.