डोळ्यांभोवतीची नाजूक त्वचा

प्रश्न : मेकअप उतरवताना पापण्यांची आग होते आणि डोळ्यांखालची त्वचा कोरडी पडून काळवंडते आहे. चेहऱ्याचेच क्रीम तिथे लावावे का?

उत्तर : क्रीम साधे आणि सुगंधविरहित असेल तर जरूर लावावे, डोळ्यांसाठी म्हणून वेगळी, महागडी डबी घेण्याची गरज बहुतेकांना नसते. पापणीची त्वचा १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असल्यामुळे तीव्र रेटिनॉल (‘अ’ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) किंवा आम्ले असलेली क्रीम मात्र तिच्यापासून दूर ठेवावीत. मेकअप चोळून काढू नये, कारण सततच्या घर्षणाने रंगद्रव्य वाढते. रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस मिटलेल्या पापणीवर काही सेकंद ठेवून हलकेच टिपावा.

आगीचे कारण मेकअपच असेल असे नाही. नेलपॉलिश किंवा केसांच्या रंगातील घटक बोटांवाटे पापणीपर्यंत पोहोचतात आणि बोटांना काहीही न होता ॲलर्जी तिथेच उमटते. अशा वेळी घरातले स्टेरॉइड मलम परस्पर लावणे धोक्याचे आहे, कारण डोळ्यांजवळ ते दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. आग थांबत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (संशयित घटक त्वचेवर चिकटवून ॲलर्जी शोधणारी चाचणी) करून घ्यावी.