ओटू सेन्सर: बदलण्याआधी तपासा

प्रश्न: पेट्रोल हॅचबॅकचा चेक लाइट लागला. स्कॅनरवर पी ०१३५ कोड आला. ओटू सेन्सर गेला असं गॅरेजमध्ये सांगतात. बदलावाच लागेल का? (सांगली)

लागेलच असं नाही. ओटू सेन्सर म्हणजे सायलेन्सर लाइनमध्ये बसवलेला, धुरातला ऑक्सिजन ओळखणारा सेन्सर. पहिल्या (इंजिनकडच्या, म्हणजे पुढच्या) सेन्सरचा हीटर किंवा त्याचं सर्किट चालत नाही, एवढंच हा कोड सांगतो. सेन्सरमधलं झिर्कोनियाचं सिरॅमिक साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून आत हीटर असतो. आधी फ्यूज बघा. मग इंजिन गार असताना कपलर (वायरीचा जोड) सोडवा आणि सेन्सरच्या बाजूला एकाच रंगाच्या ज्या दोन वायरी असतात (बहुधा पांढऱ्या), त्यांच्यामध्ये मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. बहुतेक सेन्सरमध्ये तो काही ओहम ते पंधरा-वीस ओहम असतो. मीटर ओपन (सर्किट तुटलेलं) दाखवत असेल तर हीटर तुटला, सेन्सर बदला. रेझिस्टन्स ठीक असेल तर इंजिन चालू करून गाडीच्या बाजूच्या कपलरवर १२ व्होल्ट येतात का ते पाहा. येत नसतील तर दोष वायरिंगमध्ये आहे, नवा सेन्सर बसवूनही लाइट जाणार नाही.

प्रश्न: पी ०१७१ कोड आणि अ‍ॅव्हरेज कमी, म्हणून पुढचा सेन्सर बदलला. आठवड्यात तोच कोड पुन्हा आला. नवा सेन्सर खराब निघाला का? (नाशिक)

शक्यता कमी. हा कोड म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्याची तक्रार, आणि ती करणारा सेन्सर बहुतेक वेळा खरं बोलत असतो. नेहमीच्या सेन्सरचा सिग्नल रिच (पेट्रोल जास्त) मिश्रणाला ०.९ व्होल्टकडे आणि लीन मिश्रणाला ०.१ कडे जातो. अदलाबदल ०.४५ च्या आसपास होते.

आधी प्लग काढून बघा. कोड लीन म्हणतोय आणि प्लग मात्र काजळीने काळे, असं असेल तर सेन्सरच्या आधी सायलेन्सर लाइनमध्ये गळती शोधा. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून धूर बाहेर जातो, पण धुराच्या दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आतही ओढली जाते. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो उगाच जास्त पेट्रोल सोडतो. अ‍ॅव्हरेज इथे जातं. गार इंजिन चालू करताच फटफट आवाज येतो का आणि गॅस्केटपाशी काळा डाग आहे का, ते पाहा.

प्लग काळे नसतील तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) बघा. आयडलला ट्रिम खूप वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर इनटेकचा होज किंवा गॅस्केट हवा ओढतंय. उलट, लोड वाढेल तशी ट्रिम वाढत असेल तर पेट्रोलचं प्रेशर, फिल्टर आणि हवा मोजणारा एमएएफ सेन्सर तपासा.

सेन्सरचीच परीक्षा घ्यायची तर गरम इंजिन २५०० आरपीएमवर धरा. पुढच्या सेन्सरचा सिग्नल सतत वर-खाली व्हायला हवा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या) मागचा ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. तोही पुढच्यासारखाच नाचत असेल तर संशय कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर. काही नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड (मिश्रणाचं प्रमाण नेमकं मोजणारा) सेन्सर असतो, तिथे ही खूण लागू नाही.

प्रश्न: सेन्सर घरी काढता येतो का? (कोल्हापूर)

येतो. आटे बहुतेक १८ मिलिमीटर, १.५ पिचचे आणि पाना २२ चा. वायरीसाठी खाच असलेला सॉकेट घ्या, नाहीतर षट्कोन घासून गोल होईल. बॅटरीची निगेटिव्ह काढा, आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून थांबा. लाइन कोमट असताना सैल करणं सोपं जातं, फक्त हातमोजे घाला. अडकला तर जोर लावू नका: थोडा घट्ट, थोडा सैल असं करत बाहेर आणा, नाहीतर पाइपचे आटे सेन्सरबरोबर निघतात.

नव्याच्या आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) बहुधा आधीच लावलेलं असतं. नसेल तर आट्यांवरच लावा, टोकाला लागू देऊ नका. आधी हाताने फिरवा, मग ३५ ते ४५ न्यूटन-मीटर. वायरीला पीळ पडू नये म्हणून कपलर शेवटी जोडा आणि वायर जुन्याच क्लिपांमधून न्या. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर बसवू नका. बाहेरून धड दिसला तरी आतलं सिरॅमिक तडकलेलं असू शकतं.

प्रश्न: उंदराने सेन्सरची वायर कुरतडली. सोल्डर चालेल? (रत्नागिरी)

नको. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच आत मिळते. सोल्डरने ती वाट बंद होते. क्रिंप (दाबून बसवायचा) जॉइंट करा. कपलरमध्ये ग्रीस भरू नका, त्याचंही कारण हेच. सेन्सरच्या अगदी तोंडाशी तुटली असेल तर मात्र नवा सेन्सरच घ्या.

प्रश्न: पेट्रोलमध्ये बुडवून सेन्सर साफ होतो का? (पुणे)

नाही, आणि तारेच्या ब्रशने तर मुळीच नाही. टोकाचा रंग मात्र बघा. काळी काजळी म्हणजे रिच मिश्रण. पांढरी भुकटी बहुधा सिलिकॉनची, चुकीचा सीलंट वापरल्याची. ते कारण न काढता नवा बसवला तर तोही तसाच मरेल.